यंत्रखात्याचा झुंबर

लोणी भापकरचा झुंबर सातवी पास झाला, तेव्हा गावानं त्याला बैलगाडीतून मिरवलं. कारण त्याच्या आधी बसलेले तिघंही नापास झाले होते. हाच झुंबर सत्तावन्न साली बारामतीच्या एका फळभाजी विक्री संघात ‘यंत्रखात्याचा प्रमुख’ म्हणून लागला. खात्यात एक टाइपरायटर, एक टेलिफोन आणि झुंबर. टाइपरायटर इंग्रजी होता आणि इंग्रजी संघात कुणालाच येत नव्हतं. त्यामुळं त्याच्यावर रोज फडकं मारलं की झालं. राहिला टेलिफोन.

संघाचे अध्यक्ष आबासाहेब म्हणजे कालव्याखालचे मोठे बागाईतदार. फोन बसला त्याच दिवशी त्यांनी झुंबरला समोर उभं केलं.

“ह्यातनं संघाला चांगलीच बातमी आली पाहिजे.”

“आबासाहेब, भाव पुण्याचा आडत्या सांगतो. मी नुसता ऐकतो.”

“मग नीट ऐकत जा की!”

संचालक सर्जेरावांचं निराळंच. “आवाज जातोय तर वास का जाऊ न्हाय? टमाट्याचा नमुना तारेतनं धाड.” झुंबरनं परोपरीनं समजावलं, अन् शेवटी दमून एक टमाटं फोनच्या तोंडाशी धरलं. आडत्या मोठा मिश्कील. तो पलीकडून म्हणाला, “माल झकास हाय!” झालं! तेव्हापासून यंत्राला काय जमतं नि काय जमत नाही, हे झुंबरनं सांगायचं आणि कुणी ऐकायचं नाही, असं सुरू झालं.

झुंबरची नोकरी अजून कच्ची होती. त्याला कायम करायचं की घरी धाडायचं, ते दसऱ्याच्या सभेत ठरणार होतं. इकडं बावड्याच्या तात्यांनी आपली कौसल्या त्याला दिली होती ती ‘पक्की नोकरी’ ऐकून. तेच सासरे दसऱ्याला जावयाची कचेरी बघायला येणार होते. त्यामुळं झुंबरला आठ दिवस घास गोड लागेना.

आदल्या दिवशी खंडेनवमी. रिवाजाप्रमाणं हत्यारांची पूजा झाली. कोयते, खुरपी, तराजू आणि मधोमध चौरंगावर टेलिफोन. आबासाहेबांच्या मातोश्री प्रयागबाईंनी त्याला झेंडूची माळ घातली आणि बोलायच्या भोकांत चिमूटभर कुंकू दाबून भरलं. नारळ फुटला आणि त्याच घटकेला घंटी खणाणली.

“पावलं!” सर्जेराव ओरडले. सगळ्यांनी हात जोडले. प्रयागबाई घंटीच्या तालावर आरती ओवाळायला लागल्या.

झुंबर कासावीस झाला. “आबासाहेब, पुण्याचा ट्रंक कॉल आसंल. टमाट्याची गाडी भरून दारात हुबी हाय. घेऊ का?”

“आज हत्याराला हात लावायचा न्हाय. लावलास तर सभंला येऊ नगंस. थेट लोणीला जा.”

“आन् बातमी हुकली तर?”

“तरी लोणीलाच जा. बातमी आणणं तुझ्या खात्याचं काम हाय.”

“आवो, ट्रकबी हत्यारच की! त्यो कसा चालतो?”

“ट्रक भाड्याचा हाय. त्याची पूजा त्याचा मालक करंल.”

घंटी काही थांबेना. झुंबरनं क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाला, “बरं, नमस्कार तरी करू द्या.”

त्याला कोण नाही म्हणणार? झुंबरनं हात पाठीमागं बांधले, गुडघे टेकले, पालथा पडला आणि चौरंगावर असं काही कपाळ आपटलं, की रिसीव्हर उडून सतरंजीवर पडला. झुंबर पोटावर सरकत गेला आणि त्याला कान लावला.

“हालूऽ! बारामती!” कुंकू नाकात जाऊन तो फडाफडा शिंकला.

पलीकडून आडत्या घाईनं सांगत होता. उद्या बाजार बंद. रात्री निघणारी गाडी आत्ताच सोडा, दिवस मावळायच्या आत आली तर माल घेतो.

ट्रकवाला रावजी झाडाखाली निजला होता. झुंबरनं त्याला उठवून पुण्याला पिटाळला.

दुसऱ्या दिवशी सभा भरली तेव्हा रावजी परत आला होता. सगळी टमाटी हातोहात गेली होती. ओसरीवर सासरे तात्या नवा फेटा बांधून बसले होते.

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. “झुंबर कायम.”

झुंबरनं श्वास सोडला.

“पण फोन असाच घ्यायचा. कपाळानं.”

“आँ? आवो आबासाहेब, काल नवमी हुती म्हणून...”

“हातानं घेत हुतास तवा कधी येवढी चांगली बातमी आलती? न्हाय ना? मग? इचार करून बोल, खात्याचा प्रमुख हायस तू!”

सगळ्या संचालकांनी माना डोलावल्या. चौरंग तिथंच राहील, असाही ठराव झाला. तेवढ्यात घंटी वाजली. झुंबरनं एकदा आबासाहेबांकडं बघितलं, एकदा ओसरीवरच्या सासऱ्यांकडं. मग धोतराचा सोगा खोचला, हात पाठीशी नेले आणि पालथा पडला.

तात्या उठून दारात आले. बराच वेळ बघत राहिले. मग सर्जेरावांच्या कानाशी लागून म्हणाले, “आमच्या जावयबापूंना हे रोजच करावं लागतं व्हय?”

“छ्या! रविवारी सुट्टी आसती,” सर्जेराव म्हणाले. “पक्की नोकरी हाय.”