भिंतीवरचं प्रेशर गेज

बॉयलरकाकांनी एकतीस वर्षं कोळसा जाळून वीज बनवली, आणि त्या एकतीस वर्षांत काकूंनी एकदाही कपडे बाहेर वाळत घातले नाहीत. गॅलरी होती, दोरी होती, ऊनही होतं. पण वीजकेंद्राची चिमणी हाकेच्या अंतरावर. चादर टाकावी पांढरी आणि काढावी करडी. वर काकूंचा खोकला. "केंद्र बंद झालं की सगळं बाहेर वाळत घालीन," असं त्या म्हणायच्या, आणि काका म्हणायचे, "घाल की."

अखेर केंद्र म्हातारं झालं म्हणून बंद झालं. निरोपसमारंभात काकांना चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. लेकीने फोनमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून भाषण लिहून घेतलं. 'धुराचे दिवस संपले, आता मोकळा श्वास घेऊया,' असं काहीसं त्यात होतं. स्वतःचंच भाषण ऐकून काका गहिवरले.

मग केंद्राच्या साहेबांना कल्पना सुचली. साहेबांना अधूनमधून सुचत असे. यंत्रं नाहीतरी भंगारात जाणार, तर प्रत्येकाने आठवण म्हणून काहीतरी घरी न्यावं. लोकांनी केंद्र धुऊन नेलं. कुणी व्हॉल्व्हची चाकं नेली, कुणी पितळी पाट्या. फोरमनने भोंगा नेला. तो कशाला, हे त्याच्या बायकोला अजून कळलेलं नाही. काकांनी दोन नंबरच्या बॉयलरचं, वाफेचा दाब दाखवणारं प्रेशर गेज आणून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावलं. त्याचा शून्यावर बसलेला काटा बघून काकू रोज चादरी गॅलरीत टाकायच्या. आठ महिन्यांत खोकला निम्म्यावर आला.

आणि एक दिवस साहेब फळांची करंडी घेऊन घरी आले.

"काका, केंद्र परत चालू करायचंय."

"कुणासाठी?"

"गावाबाहेर ती बिनखिडक्यांची इमारत झालीये ना, तिच्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं आहेत. एकटी निम्म्या शहराएवढी वीज खातात."

"मग नवीन केंद्र बांधा."

"पैसा काय, गुंतवणारे रांग लावून उभे आहेत. पण बांधायला सहा वर्षं, तारा ओढायला चार. त्यांना वीज पुढच्या महिन्यात पाहिजे."

म्हणजे जिने भाषण लिहून दिलं होतं, तिलाच आता भूक लागली होती.

"आणि कुठलं चाक कुठे बसतं, हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही," साहेब म्हणाले.

काका इथेच पाघळले. एकतीस वर्षांत साहेबांच्या तोंडून 'तुमच्याशिवाय' कधी निघालं नव्हतं. काकूंकडे बघून त्यांना वाईट वाटलं. पण आतून आनंदही झाला होता, आणि तो काकूंनी बरोबर टिपला.

पुढचे पंधरा दिवस काका ट्रक घेऊन दारोदार हिंडले. कोट्यवधींची गुंतवणूक अडली होती ती एका पितळी पाटीपायी, आणि तिच्यावर फिटरची सासू गरम भांडी ठेवत होती. भोंगा मात्र फोरमनच्या बायकोने स्वतः उचलून ट्रकमध्ये टाकला.

शेवटी राहिलं भिंतीवरचं गेज.

"राहू दे ते," काका म्हणाले. "नवीन मागवतील."

"त्या मापाचं यायला चार महिने लागतात. तुम्हीच साहेबांना फोनवर सांगत होतात."

काकू स्टुलावर चढल्या, गेज काढलं, पुसलं आणि एका पांढऱ्या चादरीत गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

"काटा चढला की फोन करा."

"कशाला?"

"दोरीवरचं आत घ्यायला."

बॉयलर पेटला त्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते. काका गेजसमोर उभे होते. काटा हलला, दहावर गेला, वीसवर गेला. त्यांनी खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. तेवढ्यात घरूनच फोन आला.

"नका करू फोन," काकू म्हणाल्या, आणि खोकल्या. "दिसतंय इथून."