मावशीनं सही केली नाही

शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवण्या-उतरवण्यात मावशीची एकोणीस वर्षं गेली होती. आवाज खणखणीत, तोंड फटकळ. मुलं तिला पाठीमागं ‘फौजदार’ म्हणायची, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसरीतली एक चिमुरडी फ्लूनं आठवडाभर घरी होती. ताप उतरला म्हणून आईनं तिला शाळेत धाडलं. शाळा सुटली तेव्हा पोर भिंत धरून, चवड्यांवर चालत बसपाशी आली आणि पायरीशी थबकली. “पोटऱ्या दुखतात,” म्हणत रडायलाच लागली.

मागून क्रीडाशिक्षक आले. “नाटकं नुसती! कवायतीतही हेच चाललं होतं. लाड करू नका, चढू दे तिची ती.”

मावशीनं पोटरीला हात लावला मात्र, पोर कळवळली.

“सर, नाटक करणारं पोर आपल्याकडे कोण बघतंय ते आधी बघतं. ही मान वर करत नाहीये.” तिनं पोरीला कडेवर घेतलं, बसमध्ये आपल्या जागी शाळेच्या सेविकेला बसवलं. “मी हिला दवाखान्यात नेते.”

“परवानगी कोणाची?”

“ती तुम्ही मागत बसा.”

वाटेतच तिनं पोरीच्या आईला फोन केला. लाँड्रीतली इस्त्री तशीच टाकून आई धावत आली. डॉक्टरांनी पाय तपासले आणि लघवीचा रंग विचारला.

“चहासारखा,” पोर म्हणाली.

डॉक्टर गंभीर झाले. “फ्लूनंतर मुलांच्या पोटऱ्या अशा धरतात, बहुतेकदा चार दिवसांत आपोआप बऱ्या होतात. पण हिचे स्नायू तुटून त्यांतला घटक रक्तातून लघवीत उतरतोय. मूत्रपिंडांना धोका आहे. आत्ताच दाखल करू.”

चार दिवस सलाईन चाललं. पाचव्या दिवशी लघवी स्वच्छ झाली आणि पोर खाटेवरून उतरून दारापर्यंत चालत गेली.

इकडे मुख्याध्यापिकाबाईंनी मावशीपुढे कागद सरकवला. काम सोडून गेल्याबद्दलचा माफीनामा.

“सही करा, विषय संपवा.”

“नाही करणार. तापातून उठलेल्या पोराला डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कवायतीत पळवायचं नाही, असं लिहून आणा. त्याच्यावर करते, ठसठशीत अक्षरात.”

आठवडाभर तिला बसवरून काढून फाटकावर उभं केलं. ती उभी राहिली, सही मात्र केली नाही. शेवटी पालकच चिडून शाळेत आले, तेव्हा तसा नियम निघाला.

पुन्हा बसवर आलेली मावशी एका सकाळी मुलं उतरवत होती, तेव्हा क्रीडाशिक्षक फाटकाशी घुटमळले. “चुकलंच माझं, मावशी.”

“मला काय सांगता? दुसरीचा वर्ग तिकडे आहे.”

सर खाली मान घालून तिकडे वळले.