दादाचा दिवा हिरवा झाला होता

नामदेवदादाचं आणि माझं आयुष्यात एकदाही वाजलं नाही. नात्यात हे कौतुकानं सांगतात, भाऊ असावेत तर असे. मी मान डोलावतो. का वाजलं नाही, ते मात्र मी बायकोजवळ बोललो नाही, मुलांजवळ नाही, आणि ज्याच्याजवळ बोलायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. कारण काहीही धरा.

आधी दादा कळला पाहिजे. नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

आमचं गाव अमडापूरजवळचं. वडील विहिरी उपसायचे. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की आत उतरायचं, गाळ काढायचा, टोपल्या वर धाडायच्या. दादा चौथी झाला आणि वडिलांसोबत दोराला लागला. मी शाळेत राहिलो. दोघंही शाळेत गेलो असतो तर घर चाललं नसतं, आणि दादा थोरला होता. त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या उन्हाळ्यांच्या सकाळी मला अजून लख्ख आठवतात. उतरायच्या आधी वडील कंदील पेटवून दोरानं खाली सोडत. मी काठावर पालथा पडून बघे. कंदील खाली खाली जाई, एकेक कपार उजळे, पारवे फडफडत वर येत. तळाशी ज्योत जळत राहिली तर उतरायचं. विझली तर खाली जड हवा बसली आहे, थांबायचं. मग दादा कडुनिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत वर-खाली, वर-खाली करी, ताक घुसळल्यासारखा. पाला ठेचून कडू वास काठापर्यंत येई. बऱ्याच वेळानं पुन्हा कंदील सोडायचा. आता तो जळे. दादा धोतराचा काचा मारी आणि माझ्याकडे बघून हसत आत उतरे. तो दिसेनासा झाला की मी काठावरून हाका मारी. त्याचा आवाज आला की थांबे.

मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला, गावातला तिसरा. वर्ग तिसरा मिळाला, पण ते कुणी विचारत नव्हतं. अमडापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागलो. मला त्या पदवीचा गर्व होता. होता म्हणजे काय, आजही आहे. तो खोटा नव्हता. त्याचं मी काय केलं, ते वाईट.

दादानं तोवर दोर सोडला होता. आधी पाण्याच्या मोटारी, मग अकोल्याच्या एका कारागिराच्या हाताखाली राहून फ्रीजचं काम. शेगावात स्टेशनच्या रस्त्यावर त्याची एक टिनाची खोली होती. लॉजवाले, थंड पेयांचे दुकानदार, एखादा डॉक्टर, एवढ्यांकडेच तेव्हा फ्रीज असत. रविवारी मी जायचो. तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, ऑइलचा वास, आणि दादाचा तो दिवा. गळती शोधायचा. लहानसा बर्नर, त्याला हवा ओढून घेणारी एक रबरी नळी. नळीचं टोक पाइपावरून फिरवत न्यायचं. ज्योत निळी असते. कुठं गॅस गळत असला की ती हिरवीगार होते. मला ते बघायला फार आवडायचं. दादाही मुद्दाम माझ्यासाठी हळूहळू फिरवायचा, जशी काही जादूच. गिऱ्हाईक आलं की माझी ओळख ठरलेली. "हा आपला भाऊ. बीएस्सी."

आणीबाणी उठून थोडा काळ झाला असेल. एका रविवारी दादानं मला खोलीच्या कोपऱ्यात नेऊन काहीतरी दाखवलं. मोडीतल्या फ्रीजचा कॉम्प्रेसर, त्याला जोडलेलं रिकामं सिलिंडर, सिलिंडर बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवलेलं. दुरुस्तीआधी फ्रीजमधला गॅस काढावा लागतो. सगळे नळी कापून तो हवेत सोडून देत, फुस्स करून. दादाही देई. पण रेडिओवर त्यानं ऐकलं होतं की हा गॅस वर जातो, फार वर, आणि तिथं ओझोन म्हणून जो थर आहे, उन्हातलं विष अडवणारा, त्याला खातो. काही शास्त्रज्ञ असं म्हणतात, काही म्हणतात साफ चूक. म्हणून दादानं हे जुगाड बनवलं होतं, गॅस सोडायचा नाही, ओढून भरून ठेवायचा. वेळ खूप जाई. गिऱ्हाईक खोळंबे.

"मले फक्त एवढं सांग," तो म्हणाला, "जाते का तो वर? तू म्हनशीन तसं करतो. जात असन तर मी नाही सोडत."

असा प्रश्न. सरळ. अभ्यासात तो कुठंच नव्हता — मला माहीत नव्हतं. "माहीत नाही दादा, बघून सांगतो" — पाचच शब्द. का नाही निघाले?

खोलीत शंकरशेठ बसले होते. थंड पेयांचं दुकान होतं त्यांचं, मशीन दुरुस्तीला टाकलेलं, म्हणून घाईत. ते म्हणाले, "नामदेव, आता तू आभाळ बी रिपेर करशीन काय बे?" आणि माझ्याकडे बघून, "सांगा मास्तर, तुम्हीच सांगा याले."

मी सांगितलं. हा गॅस हवेच्या चौपट जड आहे, एवढं मला पाठ होतं. जड वस्तू खाली बसते. आणि दाखला कुठला दिला असेल? विहिरीचा. "कंदील विझायचा ना तळाशी? का विझायचा? जड हवा खाली बसते म्हणून. वर आली असती तर काठावर विझला असता." शंकरशेठ वाहवा म्हणाले.

दादा म्हणाला, "पन फांद्या घुसळल्या का निघून जाये ना बाप्पा ते. विहिरीत वारा नाही म्हनून बसते. भायेर तर वाराच वारा हाये."

मी हसलो. तो म्हणाला, "थांब, दाखवतो."

त्यानं दार लावलं. सिलिंडरातला थोडा गॅस जमिनीवर सोडला. दिव्याची नळी त्यानं फरशीपाशी धरली, ज्योत हिरवी. मग नळी काठीला बांधून छताच्या टिनापर्यंत उंच केली, ज्योत निळी. "बराबर तुहं," तो मला म्हणाला, "खालीच हाये." मग त्यानं टेबलफॅन लावला. थोडा वेळ फिरू दिला. नळी तशीच वर, टिनाला टेकलेली.

ज्योत हिरवी झाली.

हे मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी, चार हातांवरून. चौथी शिकलेल्या माणसानं माझ्यासमोर एक शंका घेतली, प्रयोग मांडला आणि उत्तर काढलं — कॉलेजच्या तीन वर्षांत मी असलं एकही काम केलं नव्हतं. त्याला वर्गात उभं करून टाळ्या वाजवायला हव्या होत्या. दादा दिव्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. खुशीत. मला काहीतरी दाखवता आलं, याच खुशीत.

मी म्हणालो, "छत म्हणजे आभाळ नव्हे. दहा फूट कुठं नि दहा-पंधरा मैल कुठं. हे कॉलेजात शिकवतात, दादा. तू पाना-पक्कड बघ."

शंकरशेठ मांडीवर थाप मारून हसले. दादानं पंखा बंद केला. जरा वेळानं तोही हसला. "हाव," म्हणाला, "तू शिकला हायेस."

कॉलेजात असलं काही शिकवत नव्हते. ते मी तिथंच, उभ्या-उभ्या रचलं. पुढच्या रविवारी गेलो तर कोपरा मोकळा होता. कॉम्प्रेसर पुन्हा मोडीत, घमेलं चहाची भांडी घासायला.

इथवर असतं तरी एक वेळ ठीक. तरुण होतो, फुशारकी मारली. पण पुढं काही महिन्यांनी शाळेत विज्ञानाचं मासिक आलं, त्यात याच गॅसवर लेख. मी तो दोनदा वाचला. वारा सगळं घुसळून टाकतो, असं त्यात होतं, उघड्या हवेत जड-हलकं उरत नाही. वर पोचायला वर्षं लागतात, पण गॅस पोचतो. इथं खाली तो कशानंच मोडत नाही, तिथं कडक उन्हानं मोडतो, त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोन फोडत सुटतो. म्हणजे दादाच्या फांद्या. दादाचा टेबलफॅन.

तो अंक मी कपाटात सगळ्यांत खाली ठेवला, जुन्या हजेरीपुस्तकांच्या खाली. आणि त्या रविवारी शेगावला गेलो, दादाच्या हातचा चहा प्यालो. त्यानं एक फ्रीज उघडला होता. नळी कापली — फुस्स. मी ऐकलं. पुढं किती वर्षं ऐकत राहिलो. दर रविवारी मनाशी म्हणायचो, पुढच्या रविवारी सांगू.

दादाचे केस पिकले तेव्हा बुलढाण्याला मेकॅनिक लोकांचं एक दिवसाचं शिबिर झालं. नवे गॅस, नवे नियम. तो मला हट्टानं घेऊन गेला. "तू सोबत असला का मले समजते," म्हणाला. शिकवणारा तरुण मुलगा होता, बोलायला गोड. जुना गॅस वर जाऊन काय करतो, ते त्यानं चित्रं काढून सांगितलं. दादा उठून उभा राहिला.

"साहेब, जड गॅस वर जात नाही. आमच्या भावानं तवाच सांगितलं. बीएस्सी हाये तो. हा काय, बसला."

मागून एक पोरगा म्हणाला, "काका, बीएस्सी कोन्या बाजारातून आनली बे यानं?" सगळी खोली हसली. शिकवणाऱ्यानं त्यांना गप्प केलं. म्हणाला की हा गैरसमज पुष्कळांचा होता, काकांची चूक नाही. दादा खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. मी वहीत बघत होतो. वही कोरी होती.

दुपारी त्या मुलानं गॅस ओढून भरून ठेवायचं यंत्र दाखवलं. रंगवलेलं, चाकांवरचं. आत कॉम्प्रेसर, शेजारी सिलिंडर. दादा वाकून पुष्कळ वेळ बघत राहिला, नळीवरून बोट फिरवलं. हे आपण केलं होतं, असं तो बोलला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

परतताना एस.टी.नं बोथ्याचा घाट उतरला. सागाची पानं गळलेली, ऊन तिरपं. खिडकीची जागा त्यानं मला दिलेली, लहानपणापासून देतो तशी. बरंच अंतर गेल्यावर तो म्हणाला, "त्या पोट्ट्याहिचं मनावर घेऊ नको. तवा पुस्तकात आलंच नसन ते."

मी म्हणालो, "हो."

दादा शेगावातच असतो. हात थरथरतो, दुकान पोराकडे आहे. पण सकाळी पेपर, मासिक, जे मिळेल ते वाचतो, ओळीखाली बोट धरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हे छापलं तर हेही वाचेल.

तेव्हा पुस्तकात आलं होतं, दादा. मी वाचलं होतं. आणि त्याच्याही आधी, तुझा दिवा हिरवा झालेला मी बघितला होता.