भाड्याचे सहा सूट आणि सातवा

"भाड्याने घेऊ," पटवर्धन साहेब म्हणाले.

"विकत घ्या," मी म्हणालो.

सौदीतल्या जुबैलच्या जेटीवरच्या पत्र्याच्या ऑफिसात आमचं सकाळपासून हेच चाललं होतं. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता. आखातातली लढाई सुरू झालेली. कुवेतच्या बाजूला समुद्रात सोडलेलं कच्चं तेल खाली सरकत आमच्याकडे यायला निघालं होतं. ते पोचायच्या आत आम्हाला बूम टाकायची होती. बूम म्हणजे पाण्यावर तरंगणारी रबरी भिंत. अर्धी वर, अर्धी पाण्यात. तेल तिला येऊन अडतं. समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना तिथे जवळच. त्याच्या पाणी ओढायच्या तोंडात तेल शिरलं असतं तर पार रियाधपर्यंत नळ कोरडे पडले असते.

मी कंपनीच्या वर्कबोटीवर सारंग होतो. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं शिक्षण दाभोळच्या खाडीत. पटवर्धन साहेब पुण्याचे इंजिनीयर, आमचे ऑपरेशन्स मॅनेजर. वयाने माझ्या मुलाएवढे. मला इस्माईलभाई म्हणायचे आणि माझं ऐकायचे नाहीत. मीही त्यांचं ऐकायचो नाही. त्यामुळे आमचं बरं जमायचं.

वाद होता इमर्शन सूटचा. लोकांना वाटतं, सौदी म्हणजे वाळवंट, तिथे थंडी कसली! त्यांनी जानेवारीत त्या पाण्यात पडून बघावं. आधी बोटं जातात. दोरी हातात असते, पण मूठ वळत नाही. मग पाय जातात. चांगला पोहणारा माणूससुद्धा थोड्या वेळाने पोहणं विसरल्यासारखा गप्प होतो. त्यासाठी हा सूट. जाड रबरी स्पंजाचा, नारिंगी, पायापासून डोक्यापर्यंत एकसंध. फक्त तोंड उघडं. पुढे एक लांब झिप. माणसाला ऊब देतो आणि वर तरंगत ठेवतो. बर्फाच्या मुलखात गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरणारे लोक असलंच काहीतरी घालतात म्हणे.

"इस्माईलभाई, महिन्याभरात लढाई खलास होईल," साहेब म्हणाले. "तेल काढून झालं की या सूटांचं मी काय करू? लोणचं घालू?"

"लोणचं घाला. पण आधी विकत घ्या."

"कारण तरी सांगा."

कारण माझ्या बापाचं होतं. समुद्रावर उसनी वस्तू न्यायची नाही, हा त्याचा कायदा. जाळं, सुरी, दोरीचा तुकडा, जे न्यायचं ते आपलं. शेजाऱ्याचं जाळं घेऊन गेलं की माणूस जीव सोडतो, जाळं सोडत नाही. परत द्यायचं असतं ना! आमच्या वाडीत दोघे तसे गेले होते.

साहेब हसले. "हे जाळं नाही, इस्माईलभाई. अंगात घालायचंय."

"म्हणून तर सांगतोय."

सूट भाड्यानेच आले.

घेऊन आला उस्मान. सुदानी माणूस, दम्माममध्ये बोटींचं सामान भाड्याने द्यायचा. आम्ही बोटीवर सहाजण, म्हणून सहा सूट. त्याची अट एकच. सूट फाटला किंवा तेलाने भरला तर परत घेणार नाही, पूर्ण किंमत द्यायची. ऑफिसने लगेच दारावर कागद लावला. कागद इंग्रजीत होता, कुंजूने मला वाचून दाखवला. ज्याच्या अंगावरचा सूट खराब होईल, त्याच्या पगारातून किंमत कापली जाईल.

कुंजू केरळचा. आमच्यातला सगळ्यात मेहनती आणि सगळ्यात भित्रा. समुद्रावर पोट भरायचा आणि पोहायला यायचं नाही. असे बरेच असतात, हसू नका.

दुसऱ्या दिवशी मी बोटीवरच्या स्टोअरचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे आलो. आत सहा माणसं टांगलेली होती. हलत होती. तोंडाच्या जागी धुरकट, पांढरं काहीतरी होतं. बोट डोलली की सहाही एकदम माझ्याकडे वळायची.

सूट होते. पोरांनी सगळ्यांच्या झिपा गळ्यापर्यंत लावून टाकल्या होत्या. टोपीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढून सुतळीने घट्ट बांधली होती.

इथे एक गोष्ट समजून घ्या. इमर्शन सूट ठेवताना झिप उघडी ठेवायची असते. बोट बुडायला लागली की झिपेशी खेळायला कुणाला वेळ असतो? पाय घाला, हात घाला, ओढा, उडी मारा. बंद सूट म्हणजे कुलूप लावलेली लाइफबोट.

"ये किसका काम है?" मी विचारलं.

"मेरा, चाचा," कुंजू म्हणाला. "अंदर धूल जाएगा, तेल जाएगा. गंदा हुआ तो पगार कटेगा."

"और तू पानी में गया तो?"

"मैं किधर जाता हूँ, चाचा? मैं तो सँभाल के चलता हूँ."

बाकीचे हसले. मी दोन शिव्या घातल्या, पिशव्या फाडल्या, झिपा उघडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशव्या. मी सूट घालून स्टिअरिंगवर उभा राहायचो आणि हे लोक जेटी सुटताना सूट घालायचे. बूमपाशी पोचलो की उतरवून, पुसून, पिशवी बांधून आत. काम अंगातल्या स्वेटरवर. मी ओरडलो की परत घालायचे, मी पुढे बघितलं की परत काढायचे. नवरीच्या शालूला जपावं तसे त्या रबराला जपायचे.

मग तेल आलं.

तेल आल्याची पहिली खूण वास नव्हे. पहिली खूण म्हणजे आवाज बंद होणं. समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाला पाण्याचा आवाज ऐकू येत नाही, इतकी सवय असते. तो थांबला की मात्र कान दुखतात. बोटीच्या पोटावर लाटेची थाप पडत नव्हती. फेस नव्हता. पाणी एखाद्या झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखं वर यायचं, खाली जायचं. पाणकावळे बूमवर ओळीने बसलेले. आम्ही हाताच्या अंतरावर गेलो तरी उडाले नाहीत. उडता येत नव्हतं. नुसते डोळे फिरवून बघायचे. कुंजू त्यांच्याकडे पाठ करून काम करायचा.

एक दिवस उत्तरेला कुवेतमध्ये पेटलेल्या तेलविहिरींचा धूर खाली उतरला. भर दुपारी दिवा लावावा असा अंधार झाला. सूर्य होता, पण कुणीतरी तांब्याचं जुनं नाणं चिकटवल्यासारखा. तेवढ्यात पुढे उभा असलेला कुंजू म्हणाला, "चाचा, आदमी."

बूमच्या बाहेरच्या अंगाला कुणीतरी पालथं पडलं होतं. हात पसरलेले, पाय पसरलेले, सगळं काळं. तेलाबरोबर वर यायचं, खाली जायचं.

मी इंजिन मंद केलं. हुकाच्या काठीने त्याला जवळ घेतलं. खरं सांगतो, माणूस पाण्यात किती दिवस आहे ते काठीला लागणाऱ्या वजनावरून कळतं. मी खाडीतून तशी माणसं काढलेली आहेत. हा हलका लागला. फार हलका. माझ्या मानेवर काटा आला. मी भुतंखेतं मानत नाही, आजही नाही. पण काटा आला.

दोघांनी ओढून डेकवर घेतला, उताणा केला. इमर्शन सूट होता. झिप गळ्यापर्यंत बंद. तोंडाच्या जागी प्लास्टिकची पिशवी, आतून वाफ धरलेली. त्या वाफेमागे चेहरा आहे की नाही ते दिसत नव्हतं. पिशवी गळ्याशी सुतळीने बांधली होती.

कुंजू खाली बसला आणि ती सुतळी निरखून बघायला लागला. गाठ त्याच्यासारखीच होती.

"गिनो," मी म्हणालो. "अपने कितने हैं?"

एकजण स्टोअरमध्ये जाऊन आला. माझा माझ्या अंगावर. बाकीचे पाच जागेवर टांगलेले. हा आमच्यातला नव्हता.

सुरी माझ्याकडे होती, कापायचं मलाच होतं. बिस्मिल्ला म्हणून सुतळी कापली. पिशवी काढली. आतली हवा फुस्स करून बाहेर आली आणि छाती खाली बसली. श्वास सोडावा तशी. कुणीतरी मागे किंचाळलं.

आत कुणी नव्हतं.

झिप खाली ओढली. आतून सूट कोरडा. नारिंगी, नवाकोरा, नव्या रबराचा वास. घामाचा डाग नाही, तेलाचा थेंब नाही. हातमोज्यांना घातलेली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कुणीतरी फार काळजीने जपला होता.

मग कुंजू म्हणाला, "चाचा, ये जिसका था, वो क्या पहन के गया?"

स्वेटर घालून गेला असणार.

कुंजू उठला, स्टोअरमध्ये गेला. पिशवी फाडल्याचा आवाज आला. तो सूट घालून, झिप गळ्यापर्यंत ओढतच बाहेर आला. मागोमाग बाकीचे चौघे.

पण मला माणसं माहीत आहेत. आजची भीती दोन दिवस टिकते, पगाराची भीती महिनाभर. म्हणून मी फडकं काठीला बांधलं, बाजूच्या तेलात बुडवलं आणि आधी माझ्या सूटवर छातीपासून गुडघ्यापर्यंत फिरवलं. मग एकेकाला समोर उभं केलं. पोरं अंग चोरायला लागली.

"चाचा, पगार!"

"पगार मेरा कटेगा. सीधा खड़ा रह."

सहाही सूट काळे केले. आता ते परत जाण्यासारखे राहिले नव्हते.

संध्याकाळी जेटीवर साहेब आले. सूटांची अवस्था बघून त्यांचा आवाज चढला. "हे काय केलंत? कुणाच्या परवानगीने?"

"माझ्या."

"उस्मान आता हे परत घेईल का?"

"नाही घेणार. म्हणूनच केलं."

"इस्माईलभाई, मला हेड ऑफिसला उत्तर द्यावं लागतं!"

मी त्यांना डेकवर नेलं. सातवा सूट तिथेच उताणा होता. पिशवी आणि सुतळी शेजारी. कुठे सापडला, कसा सापडला ते सांगितलं. आत हात घालून बघा म्हणालो. त्यांनी घातला. बाहेर काढून हाताकडे बघत राहिले. हात स्वच्छ होता.

"आपल्या पोरांचे असेच बांधलेले होते?" त्यांनी विचारलं.

"आज दुपारपर्यंत."

साहेब ऑफिसकडे गेले. मला वाटलं, फोन करायला गेले असतील. त्यांनी दारावरचा कागद काढला, चोळामोळा केला आणि खिशात घातला. मग हेड ऑफिसला फोन केला. माझ्यावर ते दोन दिवस चिडलेलेच होते, ते वेगळं.

उस्मान पैसे ठरवायला आला तेव्हा मी त्याला सातवा दाखवला. त्याने चिंधीने गुडघ्यावरचं तेल पुसलं. खाली हिरवट रबराचं ठिगळ निघालं. सूट नवा असतानाच तिथे फाटला होता, ते ठिगळ त्याने स्वतःच्या हाताने लावलं होतं. लढाई सुरू व्हायच्या आधी एक बोट हे सामान घेऊन उत्तरेला गेली होती. बोट आली नाही, माणसं आली नाहीत.

"तो ये तेरा है, ले जा," मी म्हणालो.

उस्मानने हात मागे घेतला. "मेरा नहीं. उन लोग की कंपनी ने पूरा पैसा भर दिया. भाड़ा खलास. ये बिक गया."

तो घाईने गाडीत बसून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

पुढे धुराच्याच एका दिवशी बूमची दोरी तुटली आणि कुंजू पाण्यात गेला. काळ्यात काळा, दिसेना. मी इंजिन बंद केलं. तेलाने आवाज मेलेला होताच, त्याचा तेव्हा उपयोग झाला. सूटला एक शिट्टी बांधलेली असते. ती कुठूनतरी वाजत होती, बारीक, थांबून थांबून. आवाजाच्या मागे बोट नेली. त्याला ओढून वर घेतला तेव्हा दातांत शिट्टी घट्ट धरलेली. डेकवर आल्यावरही वाजवत होता. मी म्हणालो, "बस, अब सुनाई दिया." तेव्हा थांबला.

आमचे सहा सूट त्या उन्हाळ्यापर्यंत फाटले, तडकले आणि भंगारात गेले. कुणाचा पगार कापला नाही. सातवा स्टोअरमध्ये खुंटीवर राहिला. बाहेरून साहेबांनी तो पुसून घेतला होता. घालायची कुणाची हिंमत झाली नाही, टाकायचीही नाही. झिप मात्र मी उघडी ठेवायला लावली. मी जुबैल सोडलं तेव्हाही तो तिथेच होता, नवाच्या नवा.

मला अजून कुणी विचारतं, सामान भाड्याने घ्यावं की विकत? मी सांगतो, कसंही घ्या. पण महिन्याभराने बघा. जीव वाचवायची वस्तू नवीकोरी दिसली तर आधी तुमची माणसं मोजा.