बनूआत्याची गाडी आणि माझ्या बापाचा घाम

बनूआत्या आज पहाटे गेली.
तिने माझ्या बापावर सूड कसा उगवला, ते मी आता लिहिते.

घरच्यांना ही पोस्ट झोंबणार आहे. झोंबू दे. अनफ्रेंड करायचं बटण कुठे असतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा झाली आणि कळंबजवळच्या आमच्या गावी परत आली.

सत्तावन्न साली आजोबा वारले. मुलींनाही बापाच्या मिळकतीत वाटा, हा कायदा तेव्हा अगदी नवा होता. आत्याने वाटा मागितला. सरळ, ओसरीवर, चारचौघांत.

बाबांनी दुसऱ्याच दिवशी हक्कसोडीचा कागद तिच्यापुढे ठेवला. शेत भावाचं, आणि बहिणीला आजोबांची मोटार. या घरात राहायचं तर सही कर, असा तो मामला होता.

मोटार म्हणजे काय, तर आजोबांनी लिलावात घेतलेली जुनी विलायती गाडी. मैल मोजणारा आकडा एक पूर्ण फेरा मारून पुन्हा शून्यापासून निघालेला. गोठ्यात उभी असायची, आणि आत कोंबड्या बसायच्या.

आत्याने सही केली. कागद घडी घालून खिशात ठेवत बाबा म्हणाले,
"घे तुहा हिस्सा. चालली नाई तरी अंडे तं देईनच."

सगळी ओसरी हसली. आत्या नाही हसली.

त्याच आठवड्यात तिने गाडीला बैल जुंपले आणि ती ओढत कळंबला नेली. चिंतामणीच्या देवळाजवळ एक खोली घेतली. यवतमाळहून मिस्त्री बोलावला, त्याने इंजिन उघडलं, आणि ही पदर खोचून त्याच्या शेजारी बसून राहिली. पुढच्या वेळी तिला मिस्त्री लागला नाही.

पुढच्या पोळ्याला ती गाडी आमच्या दारावरून गेली. चालवत होती आत्या. हॉर्न दाबून धरला होता, आमच्या घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

बाबा पान थुंकून म्हणाले, "महिनाभर चालन. मंग पाहू."

झालं. त्या "मंग पाहू"वर ती पेटली.

देवळात येणारे भाविक, यवतमाळच्या दवाखान्यात न्यायच्या बाळंतिणी, हे तिचे पॅसेंजर. गाडी बंद पडली असती तर तिचं पोट बंद, आणि वर बाबांचं बोलणं खरं. दुसरी गोष्ट तिला जास्त लागायची, हे मी पैजेवर सांगते.

म्हणून आधी बॉनेट उघडायची, मग चहा. ऑइल जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळून ओतायची. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने रेडिएटर आतून क्षार धरतो, म्हणून पावसाचं पाणी रांजणात साठवून तेच भरायची. गाडी कधी दामटली नाही. जास्तीचा माणूस घुसला की इंजिन बंद करून खाली उतरायची आणि झाडाखाली बसायची. तो उतरेपर्यंत.

मी लपूनछपून तिच्याकडे जायचे. एकदा ती गाडीखाली आडवी होऊन ग्रीस मारत होती, तेव्हा विचारलं, "आत्या, गाडीवर एवढी माया?"

"माया कायची वो पोरी? राग हाय. माया असती तं रविवारी झोपली नसती का मी?"

मग माझं लग्न ठरलं. केळापूरला, मुलाकडे. गोरज मुहूर्त.
आत्याला पत्रिका गेली नाही.

बाबांनी तोवर नवी कोरी गाडी घेतली होती. कापसाच्या पैशातून. त्यात आत्याच्या वाट्याच्या शेताचाही कापूस होता, हे इथे लिहून ठेवते.

वऱ्हाड ट्रकने पुढे गेलं. मागून नव्या गाडीत मी, आई आणि बाबा. कळंबच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली, मग खाडकन आवाज, आणि इंजिन जाम. नवरीच्या शालूत मी धुळीतून चालत कळंबला आले.

स्टँडवर एकच मोटार होती. कोणाची, ते सांगायला नको.

आत्याने बाबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.
"निघताना पाणी पाह्यलं होतं का?"

"नवी गाडी हाय. तिले कायले पाणी पाहा लागते?"

"बसा," ती आईला आणि मला म्हणाली. मग बाबांना, "पण दादा, सेल्फ गेला हाय, बटनानं चालू होत नाई. हँडल मारा लागन."

बाबांनी गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून गरकन फिरवलं. पुन्हा मारलं. फेटा सुटला, तो काखेत धरला. रेशमी सदरा पाठीला चिकटला. अख्खा बाजार गोळा झाला. टांगेवाले बघत उभे होते. ही गाडी रोज बटण दाबल्याबरोबर सुरू होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण एकानेही ते बाबांना सांगितलं नाही.

मी मागच्या सीटवर होते. तिथून मला आत्याचा डावा हात दिसत होता.

गाडीची किल्ली त्या मुठीत होती.

किल्लीच लावली नाही, तर उद्या सकाळपर्यंत हँडल मारलं तरी इंजिन कसं सुरू होणार? मला कळलं. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, "बाबा, जरा जोरात."

"भंगार हाय हे, बने!" बाबा धापा टाकत ओरडले.

"भंगार हाय तं कायले आला?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. सूर्य कलला होता. त्यांनी हात जोडले, भर बाजारात.
"बनू, पाया पडतो तुह्या. मुहूर्त निघून जाईन."

तिने सावकाश किल्ली लावली. बटण दाबलं.
गाडी सुरू झाली.

बाबा हँडल हातात घेऊन तसेच उभे.

"हँडल मांगं टाक दादा, अन् बस लवकर. पोरीले उशीर होऊन राह्यला."

मुहूर्त गाठला. बाबा मरेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. तिचं काही अडलं नाही.

शेत मात्र तिला मिळालं नाही. आजही ते माझ्या भावांकडे आहे. संध्याकाळपर्यंत तेच भाऊ तिचा फोटो टाकून खाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहितील. माझ्याकडून तो शब्द नको.

जा आत्या.
वर बाबा भेटतीलच.
किल्ली मुठीतच ठेव.