जप्त केलेली शेकोटी

मी बोईसरजवळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि रासायनिक कारखान्यांना लागून असलेल्या सालवडला राहते. म्हणजे सकाळी फळ्यावर ज्या वायूंची सूत्रं लिहिते, ते संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून घरी येतात. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारतात, "हा वास कसला?" आम्ही विचारतो, "कसला वास?"

अशा या हवेची काळजी तालुक्याच्या एका साहेबांना एका हिवाळ्यात अचानक वाटू लागली, आणि तीही नेमकी आमच्या कॉलेजच्या मुलांच्या शेकोटीच्या आठवड्यात.

आमच्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं जानेवारीत मैदानावर शेकोटी करतात. नियम एकच, प्रत्येकाने आपल्या घरून एक लाकूड आणायचं. डोंगरातली मुलं एसटीच्या कंडक्टरशी भांडत फाटे घेऊन येतात. किनाऱ्यावरची मोडक्या होडीच्या फळ्या आणतात. कामगारांच्या चाळीतल्या मुलांच्या घरी लाकूड कुठलं असायला? ती बाजारातून फळांच्या पेट्या मागून आणतात. मग आगीभोवती बसून प्रत्येकाने बोलायचं, वर्गात जे बोलता आलं नाही ते.

त्या वर्षी आदेश निघाला : उघड्यावर काहीही जाळण्यास सक्त मनाई. मला तो चुकीचा वाटला नाही. रस्त्याकडेला प्लास्टिक जळतं, ते थांबायलाच हवं होतं. मी मुलांना म्हटलं, "रीतसर परवानगी मागू."

वर्गाची प्रतिनिधी मनोरच्याही पलीकडच्या पाड्यावरची मुलगी होती. तिला घेऊन निघाले. ग्रामपंचायतीने तालुक्याला पाठवलं, तालुक्याने अग्निशमनवाल्यांकडे. तिथला माणूस प्रामाणिक होता. म्हणाला, "मॅडम, आग लागल्यावर आमचं काम सुरू होतं. लागायच्या आधी आम्ही काय लिहून देणार?"

परत तालुक्याला आलो, तेव्हा साहेबांनी आत बोलावलं. "मॅडम, तुम्ही तर विज्ञान शिकवता. लाकडाच्या धुराने काय होतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"साहेब, एकदा संध्याकाळी कारखान्यांमागच्या कुंभवलीकडून चक्कर मारा."

"तो विषय वेगळ्या खात्याचा."

मुलीने हळूच विचारलं, "मंग आमचं खातं कंचं, साहेब?"

साहेब मनापासून हसले आणि आमच्यासाठी चहा सांगितला. आम्ही बराच वेळ बसलो. चहा आला नाही, परवानगीही नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात टेम्पो आला. मैदानावर रचलेली लाकडं अजून पेटलीही नव्हती, तरी ती जप्त झाली. पंचनामा झाला. साहेब ढिगाऱ्याशेजारी उभे राहिले आणि फोटो निघाला, शिकार केल्यासारखा. जी आग लागलीच नव्हती ती विझवल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मुलं वर्गात परतली. एक मुलगा मात्र अस्वस्थ होता. त्याने आणलेली निळी फळी वडिलांच्या पहिल्या होडीची होती. "जळली असती तर चाललं असतं," तो मला म्हणाला, "पण अशी सरकारात जमा?"

म्हणून शेवटचा तास संपल्यावर आम्ही आठ-दहा जण पालघरला तालुक्याच्या ऑफिसात गेलो. निदान ती फळी परत मागू, एवढंच मनात होतं. ऑफिस सुटायच्या बेतात होतं. व्हरांड्यात कोणी नव्हतं, पण मागून धूर येत होता. मागे जाऊन पाहिलं तर कंपाउंडच्या भिंतीशी छान शेकोटी पेटलेली. शिपाईकाका, जीपचा ड्रायव्हर आणि दोन कारकून हात शेकत बसले होते. निखाऱ्यांत रताळी खुपसलेली. आणि मधोमध निळी फळी, अर्धी जळलेली.

शिपाईकाका उठून उभे राहिले. "मॅडम, थंडी हाय म्हणून... लाकडं पडलीच होती."

मला राग यायच्या आत तो मुलगा पुढे झाला आणि शेकोटीजवळ मांडी घालून बसला. मग मुलगी बसली. मग सगळेच बसले. शिपाईकाकांनी काठीने रताळी उकरली आणि निमूट वाटायला घेतली.

तेवढ्यात साहेब घरी जायला निघाले, ते ड्रायव्हरला शोधत मागे आले. "हे काय चाललंय?"

साहेबांनी आगीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग एका मुलीच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. आग म्हणावं तर ती त्यांच्याच आवारात. ते घसा खाकरून म्हणाले, "ही आग नाही. जप्त मालाची विल्हेवाट चालू आहे."

"मंग आमी विल्हेवाटीला बसलो तर चालंल ना, साहेब?" पाड्यावरची मुलगी म्हणाली. "माल आमचाच हाय."

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याच्या तोंडात गरम रताळं होतं, तो लगेच उठूही शकत नव्हता. साहेब उभे राहिले, आणि मुलांनी बोलायला सुरुवात केली. तो मुलगा वडिलांबद्दल बोलला. खाडीत आता मासेच मिळत नाहीत, म्हणून ते एका कारखान्यात वॉचमन झालेत. रात्रभर ज्या गेटवर उभे राहतात, तिथलंच पाणी खाडीत जातं, हे त्यांना माहीत आहे. मुलाला तिथेच लॅबमध्ये नोकरी लागणार होती. "काय करू ते कळत नाय," तो म्हणाला.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी बूट काढले नाहीत, पण मोजे वर ओढत ते जवळच्या दगडावर टेकले. हातही पुढे केले, थोडेसे, कोणाला दिसणार नाहीत इतके. मी पाहिले.

पुढच्या महिन्यात ऑफिसच्या आवारात आग पेटल्याची चौकशी झाली. साहेबांना पर्यावरण जनजागृतीच्या कार्यक्रमात शाल आणि श्रीफळ मिळालं. बदली झाली फक्त शिपाईकाकांची, जव्हारला. मुलं ती बदली रद्द करण्याचा अर्ज घेऊन साहेबांना भेटायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "बाळांनो, नियम सगळ्यांना सारखा असतो." मी बाहेर बाकावर बसले होते. पाड्यावरची मुलगी बाहेर आली, तिने ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "मॅडम, जव्हारला थंडी जास्त हाय. काकांना एक घोंगडी घेऊन देऊ?"

आम्ही घोंगडी घेतली. ती पोचवायला तीच गेली.