पश्चिमेच्या खिडक्या

बापट सर भूगोलाच्या तासाला लाटणं घेऊन यायचे. ते टेबलावर आडवं फिरवत विचारायचे, "खालचा वारा हळू, वरचा वेगात. मधली हवा काय करील?" आम्ही ओरडायचो, "गरगरेल!" मग ते लाटणं उभं करायचे. "खालून गरम हवा उसळली की हे असं उभं राहतं. ढगातून सोंड उतरून जमिनीला टेकली, की झाला टोर्नेडो." आणि शेवटी हमखास सूचना: "सोंड दिसली की घराच्या खिडक्या उघडा. बाहेरचा दाब एकदम उतरतो, आतली हवा घर फोडते." रत्नागिरीच्या किनाऱ्यावर असलं काही कुणी पाहिलेलं नव्हतं, तरी आम्ही ते पाठ केलं.

पुढे मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल झाले. सर निवृत्त होऊन आमच्या शेजारीच राहत. पुस्तकं मीच पोचवायची. परत आलेल्या पुस्तकांच्या समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'तपासा.' "छापलं म्हणून खरं होत नाही गो," ते म्हणायचे. सरांना मात्र कुणी तपासत नसे. वाडीच्या बैठकीत सर बोलले की विषय तिथे संपायचा. उलट बोलायच्या त्या फक्त माई, त्यांच्या पत्नी.

त्या मे महिन्यात एका दुपारी मी पुस्तक द्यायला गेले होते. माई दम्याने पश्चिमेच्या खोलीत पडून होत्या. आभाळ काळवंडलं आणि पडवीतून सरांची हाक आली, "अगो, ये लवकर! जन्मभर शिकवली, आज बघतोय!"

समुद्रावर ढगातून राखाडी सोंड लोंबत होती. तिच्या बुडाशी पाणी धुरासारखं उडत होतं. सर लहान मुलासारखे हसत होते. ती किनाऱ्याला लागली, माडांच्या झावळ्या गिरक्या घेत वर जाऊ लागल्या, तेव्हा ते भानावर आले.

"खिडक्या! पश्चिमेच्या उघड सगळ्या!"

माई आतून ओरडल्या, "अहो, लावा म्हणते मी! उघडताय काय?"

"तुला दाबातलं कळत नाही!"

मी तिन्ही खिडक्या उघडल्या.

वारा आत घुसला आणि डोक्यावरचं छप्पर झाकणासारखं उचललं गेलं. माईंना गोधडीसकट ओढत आम्ही मधल्या काळोखाच्या खोलीत शिरलो. तिला खिडकी नव्हती, वर लाकडी माळा होता. दार लावलं आणि बाहेर भिंत कोसळली. आवाज थांबल्यावर सरांनी दार आत ओढलं. समोर चिरे, वासे, कौलांचा चुरा, वरपर्यंत. त्यातून धूळ आत ओतू लागली. त्यांनी पुन्हा दार लावलं.

तिघांना जेमतेम बसता येईल एवढी ती जागा. माईंचा औषधाचा पंप पलंगापाशी राहिला होता, फोनही बाहेरच. त्यांच्या श्वासाची शिट्टी वाजत होती आणि आम्ही तीच ऐकत बसलो होतो. सरांनी हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही.

"आता शिकवा की," माई धापा टाकत म्हणाल्या. "वर्ग कुठे पळून जात नाही."

 सर अंधारात हळूहळू बोलू लागले, एकेक पायरी तपासत. "दाब नव्हे. वारा खिडकीतून आत आला, त्याला बाहेर पडायला जागा नव्हती. त्याने छप्पर खालून ढकललं. वरून ते ओढलं जातच होतं. खिडक्या लावलेल्या असत्या तर कदाचित..."

"गप्प बसा हो. हवा कमी आहे."

 सरांनी माईंचा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी वाडीतल्या माणसांनी वासे कापून आम्हाला बाहेर काढलं. माई वाचल्या, पण ती धूळ छातीत बसली ती बसलीच. दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

मग सरांनी जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर मिळवून फोन लावायला सुरुवात केली. "तो धडा मी चुकीचा शिकवला. खिडक्या लावायच्या आणि आतल्या खोलीत जायचं. लिहून घे." नागपूरचा एकजण हसला, "सर, इथे कुठली आलीय सोंड?" सर म्हणाले, "घराला खिडक्या आहेत ना तुझ्या? मग लिहून घे." मला त्यांनी कधी सांगितलं नाही. मी तिथे होते ना.

पुढच्या वर्षी सरांनीच अंथरूण धरलं. ते जाण्याच्या चार दिवस आधी मी त्यांच्यापाशी बसले होते. मला राहवेना.

"सर, खिडक्या लावून घ्यायच्या हे मला माहीत होतं. वाचनालयात एका पुस्तकात वाचलं होतं, दोन वर्षं आधी."

त्यांनी डोळे उघडले. "आणि तरी उघडल्यास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मग बोलली का नाहीस गो?"

"तुम्ही सर होतात."

ते छताकडे पाहत राहिले. रागावतील असं वाटलं. मी तीच आशा धरून आले होते.

"म्हणजे तेही मीच शिकवलं," ते म्हणाले.